साठ झाडांचे पाणी

मी सत्यभामा. माझा मुलगा नानासाहेब, नानासाहेबाची मुलगी रूपाली आणि रूपालीची मुलगी प्रेरणा. ही हकीकत प्रेरणाची आहे. परंतु तिच्या आधीच्या तीन पिढ्यांची नावे घेतल्याशिवाय ती सांगता येत नाही. प्रेरणाने किती शिकावे याचा वाद आमच्या घरात तिच्या जन्माच्या चार वर्षे आधीच सुरू झाला होता.

पाचोडपासून दोन कोसांवर आमची बावीस एकर जमीन आणि त्यात मोसंबीची बाग. मी त्या काळची सातवी पास. पती निवर्तल्यावर कोणते पीक घ्यायचे, कोणाचे लग्न कोठे करायचे आणि घरातले कोणते मूल कोठवर शिकेल, हे सारे मी ठरवीत आले. माझ्या घरात एक निर्णय दोनदा विचारला जात नसे. माहेरून आणलेल्या काही रीती मी कसोशीने पाळल्या. त्यांतली एक अशी, की लेकीच्या सासरचे पाणी प्यायचे नाही. तिच्या दारात जावे, उभ्याने विचारपूस करावी आणि परत फिरावे.

सन दोन हजार तीनच्या दुष्काळात आमची विहीर संक्रांतीच्या आतच तळाला गेली. तीनशे झाडे होती. ती सगळी जगणार नाहीत हे उघड होते, म्हणून विहिरीजवळची साठ झाडे मी निवडली आणि उरलेल्यांचे पाणी तोडले. विकतचा टँकर चौथ्या दिवशी येई, पण तो ओढ्यापलीकडेच उभा राही. तेथून मळ्यापर्यंत पाणी डोक्यावर आणावे लागे. गडीमाणसे शहराकडे गेलेली. नानासाहेब घरचा कर्ता; डोक्यावर हंडा घेणे त्याला शोभले नसते. रूपालीची आई आशाबाई मणक्याच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेली. आकाश, म्हणजे रूपालीचा धाकटा भाऊ, बारा वर्षांचा. राहिली रूपाली. ती सोळा वर्षांची होती. दहावीला शहात्तर टक्के मिळवून पाचोडच्या कॉलेजात अकरावीला जात होती.

मी तिला ओसरीवर बोलावले.

"रूपा, उद्यापासून कॉलेज नाही. झाडं गेली तर पंधरा वर्षांची मेहनत गेली. कॉलेज कुठं पळून जात नाही."

"आजी, आवं निम्मं वरीस झालंय माझं."

"एका वर्षानं काय बिघडतं?"

ती रडली नाही. उभी राहिली. मग मीच म्हटले, "बाग जगली की शहरात खोली करीन. मी स्वतः येऊन राहीन तुझ्याजवळ. बारावी होईस्तोवर, दोन वर्षं. हा माझा शब्द."

"देवाशपथ?"

"माझ्या शब्दाला देवाची शपथ लागत नाही."

झाडाला दोन हंडे, एकावर एक, दर चौथ्या दिवशी साठ फेऱ्या. हे तिने पाऊस पडेपर्यंत केले. टँकर नसे त्या दिवशी आळ्यात पाचट पसरणे, वाळल्या फांद्या छाटणे, बुंध्यांना चुना लावणे. मी बांधावर बसून देखरेख करीत असे. एकदा तिचा हंडा ओढ्यात सांडला, तेव्हा मी तिला बोलले. पाण्यासाठी बोलले, तिचा गुडघा फुटला होता, ते मी नंतर पाहिले.

साठही झाडे जगली. पुढच्या जूनमध्ये मी शब्दाप्रमाणे शहरात, पुंडलिकनगरात, खोली केली. त्याच आठवड्यात रूपालीला स्थळ आले. मुलगा कृष्णा, आठ एकर जमीन, विहिरीला बारमाही पाणी. सामानाची ट्रंक बैलगाडीत चढत होती तेव्हा रूपाली दाराशी आली.

"आजी, खोली झाली म्हणं."

"झाली."

"मग मी कपडे भरू का?"

"खोली आकाशसाठी आहे," मी म्हटले. "तुझं अठरावं लागलं की कार्य उरकून घेऊ."

मी असे का केले, ते स्पष्ट सांगते. पाणी कमी असले म्हणजे आमच्याकडे बांधावरच्या झाडाचे आधी तोडतात, कारण त्याचे फळ शेजाऱ्याच्या शेतात पडते. मुलीला मी बांधावरचे झाड धरले. सहा वर्षे मी आकाशच्या खोलीवर राहिले. पहाटे उठून डबा केला, त्याला ताप आला तर वैद्य-डॉक्टर केले, त्याच्या वाटेतला खडा न् खडा वेचला. मोसंबीला बहार हवा असेल तर काही दिवस पाणी तोडून ताण द्यावा लागतो. अखंड पाणी मिळालेल्या झाडाला नुसता पाला येतो आणि बुंध्याला डिंक्या रोग लागतो. मळ्यात हे मला कोणी शिकवावे लागले नव्हते. आकाश डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात अडकला तो अडकलाच. आज तो चितेगावच्या एका कंपनीत कंत्राटावर आहे, वय तेहेतीस-चौतीस, आणि त्याला मुलगी द्यायला कोणी तयार नाही.

लग्नानंतर रूपाली दरवर्षी भाऊबिजेला येई. आकाशला ओवाळी, जेवी आणि निघताना उंबऱ्यात थांबून मला एकच प्रश्न विचारी.

"आजी, झाडं कशी हायेत?"

"बरी आहेत."

ती मळ्यात मात्र कधी गेली नाही. गेली असती तर तिला दिसले असते. नंतरच्या दुष्काळात पंचवीस झाडे वाळली, पुढे डिंक्याने बाकीच्यांतलीही एकेक करून नेली. मी "बरी आहेत" असेच सांगत राहिले. पहिल्या वर्षी खरे बोलायचे राहून गेले आणि मग दरवर्षी ते अधिक अवघड झाले.

अशी वीस वर्षे गेली. दोन हजार तेवीसच्या जूनमध्ये, बाजाराच्या दिवशी, रूपाली भाऊबीज नसताना आली. सोबत प्रेरणा. मुलगी उंच, किडकिडीत, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुणपत्रिका. नानासाहेब ओसरीवर बाजारातून आणलेला भाजीपाला निवडत होता. रूपाली बसली नाही.

"आजी, प्रेरणाला त्र्याण्णव टक्के पडले. शहरातल्या कॉलेजच्या यादीत नाव लागलंय. सायन्सला."

"चांगलं झालं."

"होस्टेलला नंबर नाय लागला. हिचे बाबा म्हणत्यात, खोलीवर घरातलं म्हातारं माणूस ऱ्हात असंल तर धाडतो, नायतर नाय. सासूबाई वर्षापासून जाग्यावर हायेत, दोन म्हशी हायेत. मला निघता येत नाय."

"मग गावातच टाका अकरावीला," नानासाहेब म्हणाला.

"गावातल्या कॉलेजात तास व्हत नायत, दादा. नाव टाकायचं आन् घरी बसवायचं. घरी बसली की स्थळं येत्यात. एक येऊन बसलंय बी."

"सोळा वर्षांची आहे ती," मी म्हटले.

"मी बी सोळाचीच व्हते, आजी. तवा तुम्ही डोईवर हंडा दिला. तिला मंगळसूत्र देतील. गावात कोण जन्मतारीख बघतंय?"

मग ती सरळ माझ्याकडे वळली. "तुम्ही मला खोली देणार व्हता. दोन वर्षं. ती मला नको आता. हिला द्या."

नानासाहेबाने भाजी बाजूला सारली. तो मला बाईच म्हणतो. "रूपा, तोंड सांभाळ. बाई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. आता काय लेकीच्या लेकीची सैपाकीण व्हायचं का त्यांनी? गावात तोंड दाखवायला जागा ऱ्हाईल का आपल्याला?"

मीही तेच म्हटले, माझ्या पद्धतीने. "मी तुझ्या घरचं पाणी पीत नाही, रूपा. तुझ्या खोलीवर राहून तुझं अन्न खाऊ?"

रूपालीने डोक्यावरचा पदर मागे सारला आणि मान खाली करून डोके माझ्यापुढे धरले. बरोबर टाळूवर, जेथे हंड्याखालची चुंबळ ठेवतात तेथे, रुपयाएवढी जागा उघडी होती. केस पुन्हा आलेच नव्हते.

"पाणी मी पाजलंय तुम्हाला," ती म्हणाली. "तुमच्या साठ झाडांना. तुम्ही माझं पिऊन बसलाय, आजी."

प्रेरणा जमिनीकडे पाहत होती. रूपालीने पदर घेतला, मुलीचा हात धरला आणि पाणी न पिताच दोघी निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच मळ्यात गेले. उभी असलेली झाडे मोजली. अकरा भरली. त्यांतल्या चार झाडांच्या बुंध्यातून डिंक गळत होता. ज्यासाठी एका मुलीचे शिक्षण तोडले, ते एवढे उरले होते. घरी येऊन मी नानासाहेबाला माळ्यावरची ट्रंक काढायला सांगितली.

"बाई, लोक काय म्हणतील?"

"लोकांना म्हणावं, सत्यभामाबाईंनी शब्द दिला होता. वीस वर्षं उशीर झाला."

"आन् इथलं कोण बघंल? मागल्या बारीला आशा तरी व्हती."

"तू सत्तावन्न वर्षांचा आहेस, नाना. शिक आता."

खोली पुंडलिकनगरातच मिळाली, तिसऱ्या मजल्यावर, एकेचाळीस पायऱ्यांवर. आकाशच्या वेळी मी तळमजल्यावर राहत होते आणि नळाला एक दिवसाआड पाणी होते. आता नळ आठव्या दिवशी येई, तोही पाऊण तास. वरच्या टाकीत पाणी चढत नसे. मधल्या दिवसांत गल्लीत टँकर उभा राही, त्याचे पाणी खाली ड्रममध्ये भरून ठेवायचे आणि लागेल तसे वर न्यायचे. प्रेरणाचे कॉलेज सातला, त्यानंतर क्लास. दोन फेऱ्या ती पहाटे करी. बाकीचे पाणी माझ्याकडे आले.

मी आयुष्यात कधी हंडा उचलला नव्हता. उचलायला लावला होता. पाच लिटरची कॅन एका हातात, दुसरा हात कठड्यावर, आणि प्रत्येक मजल्यावर थांबून श्वास. पहिल्या महिन्यातच गुडघे सुजले. तळमजल्यावरची संध्या रोज टोके.

"आजी, काहे को इतना करताय? आमच्या बंटीला सांगा ना, दोन मिनटात चढवतो."

"तुझा बंटी त्याच्या आईचं पाणी भरतो का?"

"तो? अपना चहाचा कप पण उचलत नाही तो."

"मग राहू दे," मी म्हणे आणि ती हसत सुटे.

खोलीतले धान्य, तेल, गॅस सगळे मी माझ्या घरून आणवले होते. रूपालीच्या घरून आलेले तूप मी प्रेरणाच्या पोळीला लावी, स्वतःच्या नाही; तिच्या माठातले पाणीही मी पीत नसे. माझी रीत मी तेवढी तरी राखली होती.

ऑक्टोबरात पहिल्या चाचणीचा निकाल लागला. फिजिक्समध्ये पंचवीसपैकी सहा गुण. प्रेरणाने वही माझ्यापुढे टाकली.

"मोठी आजी, मला नाय जमत. समदं इंग्रजीत बोलत्यात. आपण गावाला जाऊ."

"आईला तूच सांग मग. तिला विचार, पाच-सहा महिन्यांत एक दिवस तरी ती म्हणाली होती का, की आज हंडा नको."

"सारखे आईचे हंडे!" ती एकदम ओरडली. "आईचे हंडे, तुमचा शब्द, बाबांची इज्जत. मी काय हाय? मी बी एक झाडच हाय का तुमचं?"

मी वही उचलून तिच्या दप्तरात ठेवली. ती रडत झोपली. पहाटे मी तिला उठवले नाही. म्हटले, आज हिने स्वतः ठरवावे. साडेपाचला ती उठली, कॅन घेऊन खाली गेली, दोन फेऱ्या केल्या आणि सातला कॉलेजला गेली. त्या दिवसानंतर मी तिच्यापुढे हंड्यांचे नाव काढले नाही.

आकाश कधीतरी रविवारी चितेगावहून येई आणि ड्रम भरून देई. एकदा पायरीवर बसून म्हणाला, "आजी, मला दर पेपरच्या सकाळी उलटी व्हायची. तुम्हाला म्हाईत नव्हतं ना?"

"नाही. सांगायचं नाहीस?"

"तुम्ही समदं सोडून माझ्यासाठी आल्या व्हत्या. कसं सांगू?" मग कॅन उचलून तो वर गेला.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर कृष्णा आला. तो वाईट माणूस नाही. कपाशी पावसाने काळी पडलेली, आई अखेरच्या घटका मोजत असलेली, धाकटा मुलगा नववीत. त्याने चहा घेतला, कपाकडे पाहतच बोलला.

"आजी, सोसायटीतला पोरगा हाय. क्लार्क. हुंडा मागत नायत. आई म्हणती, डोळं मिटायच्या आत नातीच्या अक्षता बघू द्या."

"प्रेरणाची बारावी तीन महिन्यांवर आहे."

"बारावी काय, बाहेरून बी देता येती. यंदा नायतर पुढल्या साली." त्याने कप खाली ठेवला. "एका वर्षानं काय बिघडतं?"

प्रेरणा स्वयंपाकाच्या ओट्याशी पाठमोरी उभी होती. ती वळली नाही. हातातले पीठ मात्र परातीत पडले. मी हे वाक्य ओळखले. ते माझेच होते, शब्दाचाही फरक नव्हता, आणि ज्या मुलीला मी ते सांगितले होते तिची मुलगी आता ते ऐकत होती.

"कृष्णा," मी म्हटले, "खाली टँकर आलाय. चार कॅन रिकाम्या आहेत. घेऊन ये."

"आं?"

"आण. मग बोलू."

जावयाला अशी कामे सांगत नाहीत. तरी तो उठला. दोन कॅन आणल्या, पुन्हा उतरला, दोन आणल्या. धापा टाकत दारात उभा राहिला.

"किती पायऱ्या हायेत, आजी?"

"एकेचाळीस. मी रोज चार वेळा चढते, दीड वर्षापासून. तुझ्या बायकोला हाच प्रश्न मी विचारला होता, एका वर्षानं काय बिघडतं. तिनं उत्तर दिलं नव्हतं. आता मी देते. सगळं बिघडतं. तुझ्या आईला माझा नमस्कार सांग, आणि सांग की सत्यभामाबाई जिवंत आहेत तोवर ही खोली बंद होणार नाही. मी मेले तर माझं मढं काढून खोली चालू ठेव."

त्याने भरलेल्या कॅन ओट्याखाली सरकवल्या. निघताना मात्र खिशातून पेनाचे एक पाकीट काढून त्याने ओट्यावर ठेवले. ते त्याने येतानाच आणले असावे. त्याची आई पौषात गेली. अक्षता काही तिने पाहिल्या नाहीत आणि त्याचा दोष भावकीने माझ्या माथी मारला. तो मी नाकारत नाही.

फेब्रुवारीत, प्रात्यक्षिकांच्या आठवड्यात, मी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पडले. उजवे मनगट मोडले. मी संध्याकडून हळद-तुरटीचा लेप बांधून घेतला आणि प्रेरणाला मुरगळले म्हणून सांगितले; कॅन डाव्या हाताने आणत राहिले. दवाखान्याची धावपळ झाली असती तर परीक्षा गेली असती. शेवटचा पेपर झाल्यावर डॉक्टरांना दाखवले, तेव्हा हाड वाकडेच सांधले होते. आता या हाताने भाकरी थापता येत नाही. हे अक्षर डाव्या हाताचे आहे.

मे महिन्यात निकाल लागला. गुण त्र्याण्णव नव्हते; बहात्तर टक्के होते. डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेत तिचा निभाव लागला नाही. पण पुढे नर्सिंगच्या पदवीला तिचे नाव लागले आणि त्या कॉलेजला होस्टेल होते. तिला आता कोणाच्या खोलीची गरज उरली नव्हती.

खोली रिकामी करायला रूपाली टेम्पो घेऊन आली. दोन वर्षांत ती वर चढून आली ती पहिल्यांदाच. पायऱ्या चढताना तिचे ओठ हलत होते. ती मोजत होती. तिने भांडी बांधली, फरशी पुसली, रिकाम्या कॅन एकात एक बसत नाहीत म्हणून दोरीत ओवल्या. मग माठात उरलेले पाणी फुलपात्रात ओतून माझ्यापुढे धरले. माठ तिने गावाहून पाठवलेला होता, फुलपात्र तिच्या घरचे. पाणी मात्र मी आणलेले. मी ते डाव्या हाताने घेतले आणि सगळे प्यायले.

तिने माझे वाकडे मनगट उलटसुलट करून पाहिले. हात दाबला नाही, कुरवाळला नाही.

"फिटलं, आजी," ती म्हणाली. "समदं फिटलं."

त्या वर्षी भाऊबिजेला ती नेहमीप्रमाणे आली. आकाशला ओवाळले. कापसाच्या भावाबद्दल नानासाहेबाशी बोलली, प्रेरणाच्या होस्टेलातल्या आमटीला चव नसते असे सांगून हसली, जेवली. मी सकाळीच मळ्यात जाऊन आले होते. अकरांतली चार पावसाळ्यात गेली होती, सात उरली होती, आणि या वेळी खरे सांगायचे असे मी ठरवून बसले होते.

निघताना ती उंबऱ्यात थांबली. चपला घातल्या. "येते, आजी," म्हणाली आणि फाट्याच्या रस्त्याला लागली. झाडांचे तिने विचारले नाही.